यादीतला शेवटचा सांड

आमच्या घरी गाय नव्हती. गावची शे-सव्वाशे ढोरं माझ्या बापाच्या काठीमागं चालायची. कोणती गाय गाभण आहे, कोणाचा बैल कोणत्या खुरात दुखावलाय, हे त्याला मालकाच्या आधी कळायचं. पण घरी पाहुणा आला की माय वाटी पदराखाली झाकून पाटलाच्या घरी दूध मागायला जायची. आम्ही गावचे ढोरकी. सकाळी घराघरातून ढोरं सोडवून आणायची, गावाबाहेरच्या आखरावर गोळा करायची, दिवसभर जंगलात चारायची आणि दिवेलागणीच्या आत ज्याची त्याच्या दारात उभी करायची, हा आमचा पिढीजात धंदा. त्याबद्दल धान निघालं की घरटी ठरलेलं धान मिळायचं. चामोर्शीहून पायी दोन-अडीच तासांवर आमचं गाव. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे. तीन बाजूंना धानाच्या बांध्या, चौथीकडे जंगल, आणि बांध्यांना पाणी देणारी एक लहानशी बोडी. तिच्यात मासे असायचे, म्हणून आमच्या ताटात लाखोळीच्या डाळीखेरीज काहीतरी दिसायचं.

पहाटे मला जाग यायची ती मायच्या मुसळानं. धान कांडायचा तो धप्प धप्प आवाज, त्यात कोंबड्यांची कुरकुर, मग बाच्या वहाणांची करकर, आणि थोड्या वेळानं गल्लीतून निघालेल्या ढोरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा खडखडाट. पितळेच्या घंटा पाटलाच्या बैलांना, तेही पोळ्याला. बाकी सगळं गाव लाकडावर वाजायचं. बा जाताना फडक्यात रात्रीचा भात आणि अंबाडीची भाजी बांधून न्यायचा. मोहफुलं पडायच्या दिवसांत माय ती भाजून त्यात तीळ घालून कुटायची, तो लाडू मिळाला की आमची चंगळ. गरीब होतो हे मला पुढे चांद्याला गेल्यावर लोकांनी सांगितलं. तोवर मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

माझा मोठा भाऊ महादेव बाबरोबर ढोरांमागं जायचा. एका पावसाळ्यात त्याला हिवताप आला आणि पाच दिवसांत तो गेला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. त्याच्या तेरवीला बानं एक गोऱ्हा सोडला. मेलेल्याच्या नावानं सांड सोडायचा ही आमच्याकडची रीत, पण ती ऐपतवाल्यांची. ढोरक्याकडं कुठला गोऱ्हा? पाटलानं आपल्या गाईचा दिला. बानं त्याच्या मांडीवर तापलेल्या लोखंडानं त्रिशूळ डागला, गळ्यातलं दावं कापलं आणि म्हणाला, "जाय." तेव्हापासून तो कुणाचा नाही. सोडलेल्या जनावराच्या गळ्यात पुन्हा दोर घालायचा नाही, त्याचं रक्त सांडायचं नाही, आणि त्याला 'माझा' म्हणायचं नाही. माझा म्हटलं की दिलेलं परत घेतलं, आणि ज्याच्या नावानं दिलं तो वाटेतच अडकला. ही तीन बंधनं मला पाढ्यांसारखी पाठ होती. तो गोऱ्हा कुणाच्या बांधीत शिरला तरी त्याला कोणी काठी मारत नसे. "महादेव जेवून राह्यला," म्हणत आणि हात जोडून त्याला बांधावरून हळूच पलीकडे वळवत.

तो रोज पहाटे आमच्या कुंपणामागं येऊन उभा राहायचा. माय दगडी डोणीत पेज ओतून ठेवायची, पण त्याच्याकडं बघायची नाही, हाक मारायची नाही. हाक मारणं म्हणजे आपलं म्हणणंच. बासुद्धा तसाच. मी मात्र पोर होते. महादेवला मी भाऊ म्हणायचे, तर त्याच्या सांडालाही भाऊच म्हणू लागले. "ये गा भाऊ, ये," असं म्हणत मुठीतलं मीठ पुढं करायचं, की तो कान हलवत यायचा आणि खरखरीत जिभेनं तळहात चाटून काढायचा. मायला ते ऐकू जायचं. ती मला कधी रागावली नाही. उलट मी हाक मारत असले की तिचं मुसळ थांबायचं, एवढं मला आठवतं.

पाच वर्षांत त्याचा धिप्पाड सांड झाला. धिप्पाड आपला आमच्या हिशेबानं. आमच्याकडची गुरं बुटकी, काटक, चिखलात न रुतणारी, दिवसभर जंगल तुडवून चिपाडासारख्या गवतावर जगणारी. दूध शेरभर देतील तर शपथ. पण दुधासाठी गाय पाळतात हेच आमच्याकडं कोणाच्या डोक्यात नव्हतं. गाय पाळायची बैलासाठी, आणि बैल धानाच्या चिखलासाठी.

मग एका हिवाळ्यात ढोरांचे साहेब आले. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही ढोरांचे साहेबच म्हणायचो. पुण्याकडचे, गोरे, तरुण, अर्ध्या चड्डीतले. शाळेच्या पडवीत त्यांचा मुक्काम पडला. त्यांनी गाव गोळा केलं आणि सांगितलं, देश आता आपला झाला, देशाची गुरं सुधारायची आहेत. आपल्या गाई म्हणजे खाणाऱ्या तोंडांची फौज. गावातले सगळे गावठी सांड आणि गोऱ्हे खच्ची करायचे, आणि मग सरकार एक उंची जातीचा वळू देणार. त्याची वासरं दुप्पट दूध देतील, दुप्पट ओढतील. भाषण चांगलं होतं. माणूस वाईट नव्हता, हेही लिहून ठेवते. वाईट माणसावर राग काढणं किती सोपं असतं! हे आपले मनापासून बोलत होते, आणि उंटावरून शेळ्या हाकत होते.

आमचे लोक फार दयाळू होते असंही कोणी समजू नये. गोऱ्ह्याचा बैल करायला आमच्याकडंही दगडानं ठेचायचेच, आणि ते बघवत नसे. साहेबांनी चकचकीत लोखंडी चिमटा काढून दाखवला. याने कातडी फाटत नाही, आतली शीर तेवढी चिरडते, रक्ताचा थेंब येत नाही. लोकांनी तो हातोहात फिरवून पाहिला. पाटील म्हणाला, "यंत्र तं बढिया आहे बाप्पा." आणि अर्धं काम तिथंच झालं.

यादी करायला अक्षर बरं असलेलं कोणी हवं होतं. मास्तरांना संधिवात. त्यांनी मला पुढं केलं. चौथी पास झालेली गावातली एकुलती एक मुलगी मी. साहेब सांगायचे, मी लिहायचे. सांडाचा रंग, वय, मालकाचं नाव. माझं अक्षर पाहून ते म्हणाले, "अगं, तू तर छापतेस! पुढं शिकणार की नाही?" मी म्हटलं, चांद्याला मुलींची शाळा आहे म्हणतात. ते म्हणाले, "वसतिगृहही आहे. मी पत्र लिहीन." त्या एका वाक्यानं माझ्या पोटात जी आग लागली, ती पुढं सहा महिने विझली नाही. रात्रंदिवस चांदा. कधी न पाहिलेल्या त्या शाळेच्या खिडक्यासुद्धा मी मोजून ठेवल्या होत्या.

यादीत शेवटी तांबडा, मांडीवर त्रिशूळ. बा तिथंच काठी टेकून उभा होता.

"मालक?" साहेबांनी विचारलं.

बा म्हणाला, "मालक नाई त्याले."

"म्हणजे बेवारस."

"बेवारस नाई साहेब. सुटलेला हाय."

"कोणी सोडला?"

"म्या."

"मग तुमचा झाला."

"नाई ना. सोडला म्हून तं माहा नाई."

साहेब हसले, पण चिडले नाहीत. म्हणाले, "हे बघा, मी तुम्हाला वाट दाखवतो. तुम्ही फक्त 'माझा' म्हणा. मी तुमचं नाव लिहितो. मग मालकाच्या जबाबदारीवर त्याला योजनेच्या हद्दीबाहेर नेऊन बांधा, मी त्याला हातही लावणार नाही. एवढा एक शब्द."

बा जमिनीकडं बघत म्हणाला, "तेच म्हनता येत नाई साहेब. दुसरं काई बी सांगा."

"लिही गं," साहेब मला म्हणाले, "बेवारस."

मी लिहिलं. छापल्यासारखं. बाला वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिलं ते त्याला कळलं.

त्या हिवाळ्यात आखरावर रोज सकाळी गलका. एकेक सांड पाडायचा, चारी पाय आवळायचे, दोघांनी डोक्यावर बसायचं, साहेबांनी चिमटा लावायचा. कडकन एक आवाज यायचा, वाळलेल्या काडीसारखा. मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा एक. मी यादीत खूण करायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं हे खरं सांगायला हवं. ज्याचा सांड तो उभा असायचा, शेजारीपाजारी गमती करायचे. सगळे झाले. राहिला एक. बानं त्याला एका पहाटे जंगलात खोलवर, नाल्याच्या पाणवठ्यापलीकडं हाकलत नेलं आणि तिकडंच सोडून आला. कुठं ते फक्त मायला सांगितलं, मी झोपले आहे असं समजून.

आता साहेबांची पंचाईत झाली. गावात एक जरी गावठी सांड मोकळा राहिला तरी सरकारी वळू यायचा नाही, असा नियम. त्यांनी माणसं पाठवली. पण सुटलेला सांड, जंगलातलं जनावर, कोणाला जवळ येऊ देतो? माणूस दिसला की झुडपात. लोकही कुरकुरू लागले. पाटील बाला म्हणाला, "तुह्या एकट्यापायी साऱ्या गावाचं अडून राह्यलं ना." चार दिवसांनी साहेब पडवीत बसून मला म्हणाले, की आता परत जावं लागणार, काम अपुरं राहिलं, वर काय तोंड दाखवू? मग पेनचं टोपण लावत म्हणाले, "तुझं पत्र लिहायचं होतं, पण माझ्याच कामाचा असा विचका झाल्यावर माझ्या शब्दाला कोण विचारतं!"

त्यांनी मला सौदा म्हणून हे सांगितलं की सहज बोलले, हे मी आयुष्यभर ठरवू शकले नाही. मी पुढं त्याच खात्यात लागले. निवृत्त होईपर्यंत ढोरांच्याच फायली हाताळल्या. असं अर्धं बोलून उरलेलं समोरच्यावर सोपवणारे कितीतरी साहेब पाहिले. ती एक कलाच असते.

मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी साहेबांना तीन प्रश्न विचारले. दोर लागतो का? नाही, चिमट्याला दोर कशाला? रक्त येतं का? थेंबही नाही, तू पाहिलंस की. कोणाचं नाव लिहावं लागेल का, माझा असं कोणी म्हणावं लागेल का? नाही, बेवारसच लिहिलंय. मग मला वाटलं, सुटलं कोडं! तिन्ही बंधनं जागच्या जागी. भाऊ जगणार, सुटलेलाच राहणार, सरकारचं काम होणार, आणि मी चांद्याला जाणार. आखरावर महिनाभर दोरांनी पाडलेले सांड मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी साहेब नाही म्हणाले तेव्हा ते मला खरं वाटलं, कारण ते खरं असावं अशी माझी गरज होती. दुसऱ्या कुठल्या पोरीनं हा प्रश्न विचारलाच नसता. तिनं सरळ हो तरी म्हटलं असतं किंवा नाही तरी. मीच अशी, की रीत मोडायला निघाले तीही रीतीच्या आधारानं.

मी मीठ घेऊन नाल्याकडं गेले. साहेब आणि चार माणसं खूप मागं, मोहाच्या झाडांआड. थंडी होती, नाल्यावर धुकं. मी हाक मारली, "ये गा भाऊ." पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला पलीकडच्या काठावर बांबू हलले आणि तो आला. पाणी तुडवत, नेहमीसारखा कान हलवत. माझ्या तळहाताला जीभ लावली. आणि मागून दोर पडला. एक गळ्यात, एक मागच्या पायात. तो आडवा झाला तेव्हा जमीन हादरली. मी ओरडले, "दोर नाई! साहेब, दोर नाई म्हटलं होतं!" कोणीतरी मला बाजूला ओढलं. साहेब म्हणाले, "घाबरू नकोस बाळ, दोन मिनिटं." मग तो आवाज. मग पुन्हा तो आवाज. रक्त आलं नाही, हे खरं. तेवढं एक खरं होतं.

सांडाच्या हंबरण्याचा आवाज बानं पलीकडच्या रानात ऐकला. ढोरं तशीच टाकून तो धावत आला. तोवर माणसं पायातले दोर सोडून मागं सरकली होती. गळ्यातला तसाच राहिला होता. बानं तो काढला. मग बसला, आणि माझ्या हातातलं ओलं मीठ पाहिलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला आणि ढोरांकडं परत गेला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. चूल पेटव, पाणी आण. माझं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही.

उन्हाळ्यात सरकारी वळू आला. ट्रकमधून. पांढराशुभ्र, डोंगराएवढा, आणि त्याच्यासाठी पत्र्याचं छप्पर आधीच उभं राहिलेलं. आमच्या शाळेला गवताचं होतं. त्याला रोज ढेप, हरभऱ्याचा भरडा, गूळ. मास्तर म्हणायचे, पुढल्या जन्मी सरकारी बैल होईन. आधी लोक देवदर्शनाला जावं तसे त्याला बघायला जायचे. मग अडचणी सुरू झाल्या. तो जंगलात जाईना, त्याच्याकडं गाय न्यावी लागे. आणि आमच्या गाई माजावर यायच्या भर दुपारी, तीन कोसांवर जंगलात. बा तिथून एकेक गाय ओढत आणायचा, तोवर तिचा माज उतरलेला. ज्या गाभण राहिल्या त्यांचं पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते. बुटक्या गाईच्या पोटात दांडगं वासरू. होळीच्या सुमारास तीन गाई अडल्या. बानं कोपरापर्यंत हात घालून प्रयत्न केले. एक वाचली. वळू तर त्याआधीच गेला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याचे खूर चिखलानं सडले, मग ताप चढला, पोळ्याच्या आठवड्यात आडवा झाला. साहेबांची बदली झाली होती. पुढं दोन वर्षं गावात एक वासरू जन्मलं नाही. त्याबद्दलचा अहवाल पुष्कळ वर्षांनी माझ्याच टेबलावरून गेला; त्यात लिहिलं होतं, गावकऱ्यांचे सहकार्य अपुरे पडले.

आता तर गंमतच आहे. परवा मी पेन्शनच्या कामासाठी त्याच कचेरीत गेले होते. भिंतीवर मोठं रंगीत चित्र: देशी गोवंश वाचवा. चित्रातली गाय बुटकी, काटक, तांबडी. खाली लिहिलंय की ही जात चिखलाला आणि रोगराईला तोंड देते, तिचे शुद्ध वळू आता दुर्मीळ झाले आहेत, ज्याच्याकडं असेल त्यानं नोंदणी करावी, बक्षीस मिळेल. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं मला कौतुकानं सांगितलं की आता नळीतून रेत येतं, आणि त्यातही फक्त कालवडच जन्मेल असं निवडलेलं. बैलाची गरजच उरली नाही. चांगला होता मुलगा. मी म्हटलं, वा. आणखी काय म्हणणार? मोडायचं खातं तेच, जोडायचं खातं तेच, आणि दोन्ही वेळा आमचंच चुकलेलं.

पण मला सांगायचं आहे ते वळू आला त्या पहिल्या पावसाळ्याचं. धानाच्या रोवणीचे दिवस होते, पाटलाचा एक बैल सर्पदंशानं मेला. चिखलणी अडली. खच्ची झाल्यापासून तांबडा पुन्हा ढोरांबरोबर आखरावर येऊ लागला होता; पाटील तिथं आला आणि त्याला निरखून म्हणाला, "याले जुंपतो."

बा म्हणाला, "सुटलेला हाय तो, भाऊ."

"सांड होता तवर सुटलेला. आता बैल झाला. बैलाले काम लागते." पाटील खोटं बोलत होता असं नाही, गावात चार लोकांनी मान डोलावली. रीतीत सांड सोडायचं सांगितलंय, बैल सोडायचं कुठं सांगितलंय? आणि पाटील पुढं म्हणाला, "माह्याच गाईचा आहे. म्याच देल्ला होता. की तुहा आहे? तुहा असंल तं सांग, मी नाई नेत."

बाला तो शब्द उच्चारता येत नव्हता, आणि त्या शब्दाखेरीज त्याला थांबवणारं काही नव्हतं. पाटलानं दोर घातला आणि नेला.

पाच वर्षं मानेवर काही न घेतलेलं जनावर. ते जू घेईना, बसून जाई. पाटलाचा सालदार तुतारीनं, टोकाला आर लावलेल्या काठीनं, टोचायचा. आमच्या घरातून ती बांधी दिसायची नाही, पण ऐकू यायची. रोज सकाळी सालदार त्याला त्या चिखलात न्यायचा, तेव्हा बा ढोरं घेऊन त्याच बांधावरून जायचा, खाली मान घालून. माय मुसळ जोरजोरात मारायची, त्या आवाजात दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून. जेवताना तिघं एकमेकांकडं बघत नव्हतो. चौथ्या दिवशी दुपारी बा एकटाच जंगलातून परत आला. त्यानं काठी कुडाला टेकवली आणि सरळ बांधीत उतरला. मी मागं धावले. तांबडा चिखलात गुडघ्यांवर बसलेला, पाठीवर रक्ताचे ओघळ, माशा. बानं सालदाराचा हात धरला. पाटील बांधावर छत्री घेऊन उभा होता.

"माहा हाय," बा म्हणाला.

"काय म्हनलं?"

"माहा हाय तो. माहा बैल हाय. सोडा."

एवढं बोलून तो चिखलातच बसला आणि पोरासारखा रडू लागला. पाटलानं मानेनं खूण केली, सालदारानं जू काढलं.

बानं त्याला दोरानं धरून घरी आणलं आणि दारात बांधलं. माय बाहेर आली. तिनं एकदा दोराकडं पाहिलं, एकदा बाच्या तोंडाकडं. "म्हनलंत?" तिनं विचारलं. बानं मान हलवली. माय आत गेली आणि चुलीत पाणी ओतलं.

सांड परत घेतला म्हणजे महादेव परत मेला; अडकला तो आमच्यामुळं, तर सुतकही आम्हीच धरायचं. ही रीत नव्हती. अशी वेळ कोणावर आलीच नव्हती, म्हणून तिला रीतही नव्हती. ती मायनंच त्या क्षणी ठरवली. तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. मेलेल्याच्या घरी शेजारी भात आणून देतात. आमच्याकडं कोण आणणार, मेलं कोण होतं? लोक हसले, काहींना कीव आली. दुसऱ्या दिवशी बा बोडीवर न्हाव्यापुढं डोकं करून बसला. मी भांडं घेऊन पाण्याला गेले होते, मी ऐकलं.

न्हावी म्हणाला, "कोन गेलं गा?"

"महादेव."

"तो तं कवाचा गेला ना भाऊ?"

"आता गेला," बा म्हणाला.

चौथ्या दिवशी चामोर्शीच्या बाजाराहून आलेल्या माणसाकडं चांद्याचं पत्र होतं. साहेबांनी जाण्यापूर्वी खरंच लिहिलं होतं. वसतिगृहात जागा मिळाली होती, फी माफ, शाळा सुरू होऊन महिना झाला, लगेच यावे. ते पत्र घरात मीच वाचू शकत होते. मी मोठ्यानं वाचलं. त्या क्षणी मी ते फाडून टाकायला हवं होतं असं मला कितीदा वाटलं आहे. मी फाडलं नाही. मी घडी घालून पोलक्यात ठेवलं, आणि मला आनंद झाला होता. हे लिहिल्याशिवाय हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. त्या घरात, त्या सुतकात, मला आनंद झाला होता.

मी निघाले तेव्हा बा ढोरांमागं गेलेला होता. मायनं लुगड्याच्या तुकड्यात भात बांधून दिला, माझी वेणी घातली, घट्ट, दुखेल इतकी. दारापर्यंत आली. मी पाया पडले.

"जाय," ती म्हणाली. "शिक मस्त." मग माझ्या खांद्यावरचा पदर नीट करत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "पन सुट्टीत येऊ नको बाई. तुहा आवाज आला की तो दावं तोडाले पाह्यते."

त्या दिवाळीला सगळ्या मुलींना न्यायला घरून माणसं आली. वसतिगृहात मी आणि स्वयंपाकीणबाई दोघीच राहिलो. तिनं विचारलं, तुला कोणी नाही का गं? मी म्हटलं, आहेत, सगळे आहेत.